दगड ठेवायची खोली आणि आपली हरवलेली वही

मागच्या महिन्यात आपल्या जुन्या तालमीच्या जागेवरून वाद झाला. बातमीसाठी कागद शोधायला गेलो तर सभासदांची यादी नाही, हिशेबाची वही नाही, काहीच नाही. म्हाताऱ्यांच्या आठवणी तेवढ्या आहेत, पण आठवणींवर सही-शिक्का नसतो ना!

तेव्हापासून एक क्लब डोक्यात घोळतोय. खेळाचं नाव कर्लिंग. गोठलेल्या तळ्यावर सुमारे २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकवत नेमक्या जागी थांबवायचा. एडिंबरोजवळ डडिंग्स्टन नावाचं गाव आहे, तिथल्या तळ्यावर खेळणाऱ्यांनी १७९५ साली आपली संस्था काढली. खेळ त्याच्या कितीतरी आधीचा, पण गावागणिक नियम वेगळे. म्हणजे आपल्या विटी-दांडूसारखंच, पाहुणा संघ आला की आधी भांडण, मग खेळ. डडिंग्स्टनवाल्यांनी १८०४ साली नियम कागदावर उतरवले. पुढे १८३८ मध्ये देशभरच्या क्लबांची मध्यवर्ती संस्था उभी राहिली, तिने नियम केले ते याच पायावर. आज ऑलिम्पिकमध्ये दिसणाऱ्या खेळाचं मूळ शोधत गेलं की मधे हे एवढंसं गाव लागतं.

१८२५ साली त्यांनी तळ्याकाठी अष्टकोनी मनोरा बांधला. आराखडा विल्यम प्लेफेअरचा, म्हणजे त्या काळचा नामांकित वास्तुविशारद. खालच्या खोलीत खेळाचे दगड. वरच्या मजल्यावर गावचे पाद्री जॉन थॉमसन चित्रं काढत बसायचे. (आपल्याकडे वरच्या मजल्यावर कुणाचं गोडाऊन झालं असतं, असो.)

पुढे ती संस्था बंद पडली. तळ्यांवरचा बर्फही आता भरवशाचा राहिला नाही. स्कॉटलंडची उघड्या तळ्यावरची मोठी लढत, ग्रँड मॅच, शेवटची झाली ती १९७९ साली. २०१० मध्ये तयारी झाली होती, पण सुरक्षेच्या कारणावरून रद्द करावी लागली.

डडिंग्स्टनची संस्था गेली, तरी नियमांचा कागद उरला आणि मनोराही उभा आहे. आपली तालीम तर अजून चालू आहे, रोज पहाटे पोरं माती उकरतात, आणि ती कधीपासूनची हे सांगणारा एक चिठोरा सापडत नाही.

तर मंडळी, घरातल्या ट्रंका उघडा. जुनी वर्गणीची पावती, कुस्तीच्या मैदानाचं हँडबिल, आजोबांचा लंगोट लावलेला फोटो, काहीही चालेल. फोटो काढून मला पाठवा, मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या सुनावणीआधी मिळाले तर बरं.