दाखला आणि शिफारसपत्र : नगर जिल्ह्यातील एका शैक्षणिक रिवाजाचा मागोवा

महाविद्यालयात प्रवेश मागताना शिक्षकाचा शब्द सोबत नेण्याची रीत अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात इंग्रजी राजवटीतील शिक्षणव्यवस्थेबरोबर रुजली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले, १८३९ पासून सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि हजेरी, परीक्षा व नोंदवही यांवर उभी राहिलेली शाळा जिल्ह्याच्या परिचयाची झाली. पुढे १८५७ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पदवी परीक्षेस बसणाऱ्याने ठरलेला अभ्यासक्रम पुरा केल्याचे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आणावे, अशी अट त्या कायद्यातच होती. त्यामुळे शिक्षकाच्या तोंडी ग्वाहीची जागा हळूहळू संस्थेच्या लेखी कागदाने घेतली.

या कागदाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला दाखला, म्हणजे नोंदवहीतील मजकुराची सहीशिक्क्यानिशी दिलेली नक्कल. शाळा सोडल्याच्या दाखल्यात रजिस्टर क्रमांक, अंकी व अक्षरी जन्मतारीख आणि शाळा सोडण्याचे कारण यांबरोबर ‘अभ्यासातील प्रगती’ व ‘वर्तणूक’ असेही रकाने असतात. परंतु त्यांत बहुधा ‘समाधानकारक’ आणि ‘चांगली’ एवढेच शब्द पडत असल्याने एका विद्यार्थ्याचा दाखला दुसऱ्याच्या दाखल्यापासून वेगळा काढता येत नाही. दुसरा प्रकार शिफारसपत्राचा. त्यात लिहिणारा स्वतःच्या नावावर आणि अब्रूवर विद्यार्थ्याची हमी घेतो, म्हणून ते मागता येते, पण हक्काने वसूल करता येत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे बळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणात स्पष्ट दिसते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे त्यांच्या शाळेतील शिक्षक नव्हते. मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला, त्यांनी त्याला पुस्तके पुरवली आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला, त्यातून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली. दोन्ही वेळी शिफारस करणाऱ्याने विद्यार्थी जवळून पाहिलेला होता.

नगर शहरात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले, तर १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ आले आणि उच्च शिक्षण जिल्ह्यातच उपलब्ध झाले. परंतु त्यानंतरच्या काळात प्रवेश गुणपत्रिकेवर व पुढे सामाईक प्रवेश परीक्षेवर ठरू लागले. यात वशिल्याला आळा बसला हा लाभ मोठा होता, मात्र शिक्षकाच्या मताला प्रवेशप्रक्रियेत स्थान उरले नाही आणि शिफारसपत्र लिहिण्याचा सरावही सुटला.

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांमुळे हा रिवाज परतला. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन-तीन पत्रे मागतात. शिक्षकाच्या ईमेलवर दुवा येतो आणि पत्र विद्यार्थ्याच्या हातून न जाता थेट विद्यापीठाकडे पोचते. तेथील १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिल्यामुळे, हे पत्र पाहण्याचा हक्क सोडतो की राखतो, हेही अर्जात विचारले जाते. एवढी गुप्तता पाळूनही ‘मसुदा तूच करून आण’ असे स्टाफरूममध्ये सहज सांगितले जाते, आणि विद्यार्थ्याने लेटरहेडसाठी टंकून आणलेल्या मजकुराखाली सही होते. भरगच्च वर्गात प्रत्येकाला ओळखणे शिक्षकाला शक्य नसते हे खरे. तथापि अशा पत्रात मांडणी शिफारसपत्राची असली, तरी मोल दाखल्याच्या ‘वर्तणूक चांगली’ या रकान्याहून अधिक राहत नाही.