जानवसघर : वऱ्हाडातली लेकरे रात्री कुठे निजत?

#थ्रेड

१/
लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब, सहपरिवार’ हे शब्द आजही छापले जातात. आज त्यांकडे शिष्टाचार म्हणून पाहिले जाते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्या शब्दांत एक ठोस जबाबदारी होती. जो बोलावील त्याने पाहुण्यांच्याच नव्हे, तर त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आणि तान्ह्या लेकरांच्याही रात्रीच्या निवाऱ्याची सोय करावी, असे त्यात गृहीत होते. ही जबाबदारी कोणी उचलली, ती कोणाला नाकारली गेली आणि तिचा भार कोणाच्या माथी पडला, त्याचा हा इतिहास.

२/
या निवाऱ्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे : जानवसा, किंवा जानवसघर. संस्कृतात ‘जन्य’ म्हणजे वराचे सोबती, वराकडची मंडळी. त्यांचा वास तो जन्यवास, आणि त्यावरून जानवसा. हिंदीतला ‘जनवासा’ याच कुळातला. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त जनकराजा दशरथाच्या वऱ्हाडाला जनवासा देतो. परगावच्या वऱ्हाडाला उतरण्यासाठी वेगळे घर देणे ही इतकी जुनी आणि इतकी दूरवर पसरलेली रीत आहे.

३/
प्रवास संपला तरी त्याच्या खुणा विधींत शिल्लक राहिल्या. सीमांतपूजन हे त्याचे उत्तम उदाहरण. सीमांत म्हणजे गावाची शीव. वऱ्हाड शिवेवर आले की वधूपक्ष तिथे जाऊन वराची पूजा करी आणि वाजतगाजत त्याला जानवसघरी नेई. पुढे हा विधी शिवेवरून मांडवात आला. नावातली शीव विसरली गेली आणि कित्येक घरांत त्याचे ‘श्रीमंतपूजन’ झाले.

४/
रुखवताचेही तेच. आज रुखवत म्हणजे टेबलावर मांडलेल्या शोभेच्या आणि संसाराच्या वस्तू. मुळात रुखवत म्हणजे वधूच्या घरून जानवसघरी वरासाठी जाणारे खाद्यपदार्थ. प्रवासाने दमलेल्या, परक्या गावी उतरलेल्या माणसांना आधी खायला घालावे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

५/
जानवसघर बहुधा भाड्याचे नसे. वधूपित्याचा भाऊबंद, शेजारी किंवा गावातला एखादा ऐपतदार आपले घर, निदान ओसरी आणि माजघर, चार दिवसांसाठी मोकळे करून देई. गाद्या, घोंगड्या, पाण्याचे हंडे आणि घंगाळी घरोघरून जमा होत. आज आपल्या मुलीच्या लग्नात त्याने घर दिले, उद्या त्याच्या मुलीच्या लग्नात आपण द्यायचे. हा व्यवहार कागदावर नसे, पण गावाला तो पाठ असे.

६/
आता मुलांकडे वळू. त्या काळच्या वऱ्हाडात मूल हे कोणाच्या तरी कडेवर आलेले ‘जास्तीचे माणूस’ नसे. पुष्कळदा नवरदेव हाच मूल असे. सवाई माधवराव पेशव्यांचा जन्म एप्रिल १७७४चा आणि त्यांचे लग्न झाले फेब्रुवारी १७८३मध्ये, म्हणजे वयाची नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या सोहळ्याची सारी व्यवस्था नाना फडणविसांच्या हाती होती. सरदार-मानकरी पुण्यात लोटले होते, आणि या थाटाच्या मध्यभागी आज तिसरीत बसेल एवढा मुलगा होता.

७/
नव्वद वर्षांनी, डिसेंबर १८७३मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावाच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर पुण्यात आली. तिचे लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झाले. त्या वेळी साताऱ्याकडून पुण्याला रेल्वे नव्हती. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून नावारूपाला आली आणि तिने ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ लिहिल्या. लग्नाचा प्रवास मुलांना घेऊन करायचा, याचा अर्थ त्या काळी असाही होता.

८/
अशा वऱ्हाडासाठी जानवसघर निवडताना पाहायच्या गोष्टी फार साध्या होत्या. विहीर किंवा आड जवळ हवा. माजघरात झोळी टांगायला भक्कम तुळई हवी, म्हणजे जुन्या लुगड्याची झोळी बांधून तान्हे निजवता येते. अंगावर पाजणाऱ्या बाईला आडोसा हवा. पहाटे न्हाऊ घालायला ऊन पाणी हवे. मोठ्यांच्या पंगतीची वाट न पाहता मुलांना मऊ भात मिळायला हवा. लग्नघरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे सांगावे लागत नसे.

९/
ऋतूचाही विचार असे. चातुर्मासात लग्ने नसत आणि पावसाळ्यात गाडीवाटा बंदच पडत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होत आणि वैशाखात त्यांची दाटी होई. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पोराबाळांसह, बैलगाडीचा प्रवास. रात्री किंवा पहाटे गाडी जुंपायची आणि ऊन चढले की देऊळ, आमराई किंवा धर्मशाळा गाठायची. जानवसघर हे शेवटचे ठिकाण. वाटेतला मुक्काम हा त्याआधीचा प्रश्न.

१०/
त्या प्रश्नाचे उत्तर धर्मशाळा हे होते. विहीर, सावली, ओवऱ्या आणि चूल मांडायला जागा, एवढेच तिचे भांडवल. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) तीर्थक्षेत्री आणि वाटांवर बांधलेल्या घाट, विहिरी आणि धर्मशाळांची कीर्ती देशभर आहे. या वास्तू मुख्यतः यात्रेकरूंसाठी होत्या, पण यात्रेकरूंच्याच वाटांनी वऱ्हाडेही जात. दाता, व्यापारी किंवा संस्थानिक पुण्यप्राप्तीसाठी धर्मशाळा बांधी आणि कोणा अनोळखी आईचे मूल तिथे सावलीत निजे.

११/
मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५६मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८५८मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट मात्र १८६३मध्ये खुला झाला. मधल्या पाच वर्षांत मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला खोपोलीस उतरावे लागे, पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढावा लागे आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडी धरावी लागे. लहान मुले आणि लग्नाचे सामान घेऊन हा घाट चढणे काय असेल, याची कल्पना करता येते.

१२/
रेल्वेने वऱ्हाडाचे सामान बदलले. वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि पाणी न सांडणारा फिरकीचा तांब्या या गोष्टी कुटुंबाच्या प्रवासाची ओळख बनल्या. वळकटीत अंथरूण-पांघरूण असे, कारण उतरायच्या जागी ते मिळेलच अशी खात्री नसे. शहरांत एक नवी सोयही उभी राहिली : पैसे देऊन राहणे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे अशा निवासगृहांपैकी एक. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांनी तिथेच अखेरचा श्वास घेतला.

१३/
येथवरचे चित्र ऊबदार आहे, पण ते सर्वांचे नाही. गावाचे घर, गावाची विहीर आणि धर्मशाळेची ओवरी या तिन्ही गोष्टी जातीच्या दाराआड होत्या. अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी जानवसघर असेल ते आपल्याच वस्तीत, आणि वाटेतल्या मुक्कामाची खात्री कुठेच नाही.

१४/
याचा सर्वांत स्पष्ट दाखला एका मुलानेच पुढे लिहून ठेवला आहे. प्रवास लग्नाचा नव्हता, पण प्रश्न तोच होता. १९०१मध्ये साताऱ्याहून काही मुले एकटीच रेल्वेने निघाली. वडील गोरेगावी नोकरीला होते, त्यांना भेटायला. मुले मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नवे कपडे होते. स्थानकमास्तरने आस्थेने चौकशी केली, आणि जात कळताच तो मागे सरला.

१५/
एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार, अशी अट पडली. रात्र झाली तेव्हा मुले एका टोलवाल्याच्या झोपडीशी पोचली. जवळ खाण्याचा डबा होता, पण प्यायला पाणी मिळाले नाही. ती रात्र त्यांनी उपाशी, तहानलेली काढली. त्या मुलांपैकी एक होता भीमराव आंबेडकर, वय सुमारे दहा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनात हा प्रसंग पहिलाच येतो.

१६/
म्हणूनच संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) धर्मशाळांकडे केवळ दानधर्म म्हणून पाहता येत नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतरत्र उतरू दिले जात नसे त्यांच्यासाठीच होती. १९४९मध्ये बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मसूरच्या वाटेवर ज्याला रात्रीचे पाणी मिळाले नाही, त्याच्या संस्थेच्या हाती पंढरीतल्या एका छपराच्या किल्ल्या आल्या.

१७/
कायदा त्यामागून आला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ने उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली. १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखान्याचा नावानिशी उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना हे तीन शब्द लिहावेसे वाटले, यातच जुन्या प्रवासाचा इतिहास आहे.

१८/
दुसरी बाजू खर्चाची. जानवसघराची सोय वधूपित्याने करायची आणि तिच्यातल्या उणिवा वरपक्षाने मोजायच्या, असा हा विषम करार होता. पहाटेचा चहा उशिरा गेला, आंघोळीचे पाणी पुरले नाही, विहीणबाईंच्या खोलीत सतरंजी कमी पडली, की रुसवेफुगवे सुरू. मुलाच्या दुधाची मागणीही कधी निकड असे, तर कधी मानापमानाचे हत्यार.

१९/
शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की लग्नखर्चाकडे बोट दाखवण्याची सवय जुनी आहे. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे मत नोंदवले. तरीही लग्ने आटोपशीर व्हावीत हा विचार जोर धरत होता. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने डिसेंबर १८७३मध्येच भटजीविना, अल्प खर्चाचे लग्न लावून दाखवले होते. लग्नाचे दिवस कमी, म्हणजे पाहुण्यांच्या रात्री कमी, हे गणित हळूहळू सर्वत्र रूढ झाले.

२०/
१ एप्रिल १९३० रोजी सारडा कायदा अमलात आला. विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरले. अंमलबजावणी लंगडी होती, पण दिशा बदलली. कालांतराने वऱ्हाडातले मूल नवरदेव राहिले नाही, पाहुणा झाले. ही प्रगतीच. मात्र त्याचबरोबर मांडवाचा केंद्रबिंदू मुलांपासून सरकला आणि त्यांची निजानीज हा ज्याच्या-त्याच्या आईचा खाजगी प्रश्न बनू लागला.

२१/
विसाव्या शतकात शहरांत वाड्यांची जागा चाळी आणि सदनिकांनी घेतली. दोन खोल्यांच्या घरात मांडव कुठे घालणार आणि शेजाऱ्याकडे पन्नास माणसे कशी उतरवणार? मंगल कार्यालय ही या अडचणीतून वाढलेली संस्था आहे. पूर्वी गावाच्या दोन टोकांना असलेली दोन घरे तिथे एका छपराखाली आली. दारांवर पाट्या लागल्या : ‘वधूपक्ष’ आणि ‘वरपक्ष’. अख्खे जानवसघर एका खोलीत मावले.

२२/
त्या खोलीत लग्नातले दागिने, आहेराच्या पिशव्या, साडी बदलणाऱ्या करवल्या आणि कोपऱ्यात सतरंजीवर निजलेली चार मुले हे दृश्य महाराष्ट्रात कोणालाही नवे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे लग्नासाठी आख्खी गाडी ठरवण्याची पद्धत पडली, आणि सकाळी जाऊन रात्री परतणारी वऱ्हाडे वाढली. मुक्कामच नको, हे निवाऱ्याच्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर ठरले.

२३/
जुन्या आणि नव्याचा सांधा पाहायचा असेल तर आळंदीला जावे. वारकऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या धर्मशाळांच्या या गावात आज लग्नेही मोठ्या संख्येने लागतात. मांडव तिथेच, पंगत तिथेच आणि पाहुण्यांची पाठ टेकायची जागाही तिथेच. इतरत्र हॉटेलची खोली घ्यावी, तर दुपारी बाराला ती रिकामी करायची आणि लग्न मात्र गोरज मुहूर्तावर. मधले पाच-सहा तास तान्ह्या मुलाने कुठे काढायचे, याचे उत्तर दरपत्रकात नसते. जानवसघराला मात्र ते ठाऊक होते, कारण ते घर लग्नाच्या वेळापत्रकावर चाले.

२४/
जानवसघराचा इतिहास ग्रंथांत विखुरलेला आहे, पण घरांत तो अजून जिवंत आहे. जुन्या लग्नखर्चाच्या वह्या हाती लागल्या, तर सोन्याचे आकडे पाहून त्या मिटू नयेत. दूध, सरपण, रॉकेल, भाड्याच्या गाद्या यांच्या नोंदीही वाचाव्यात. आणि आजीला एवढेच विचारावे : तुझ्या लग्नात वऱ्हाड कोणाच्या घरी उतरले होते, कोणाला तिथे उतरता आले नसते, आणि रात्री लेकरांना कोणी निजवले? तिन्ही उत्तरे लिहून ठेवावीत. तिसरे उत्तर देताना आजी बहुधा कोणा तरी बाईचे नाव घेईल, आणि ते नाव खर्चाच्या वहीत कुठेच सापडणार नाही.

(समाप्त)