ग्रेव्ह्जचीं अष्टकें

१० मधून ५ वजा करून बाकींतून २ काढले, तर ३ उरतात. पण ५ मधून २ आधीं काढून ती बाकी १० मधून वजा केली, तर ७. वजाबाकींत कंस हलवितां येत नाहीं, हें चौथींतल्या मुलालाहि ठाऊक असतें. गुणाकारांत मात्र कंस कोठेंहि घाला, उत्तर तेंच. माझ्या सबंध मास्तरकींत हा साहचर्य-नियम मीं फळ्यावर इतक्यांदा लिहिला कीं, तो कोठें मोडत असेल अशी शंकाहि मनाला शिवली नाहीं.

डब्लिन शहरीं रॉयल कालव्याच्या कांठानें जातांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजीं हॅमिल्टनला चार घटकांच्या संख्या सुचल्या व त्यांचें सूत्र त्यानें पुलाच्या दगडावर कोरलें. या संख्यांचा गुणाकार उलटसुलट क्रमानें केला, तर उत्तर बदलतें. दुसऱ्याच दिवशीं त्यानें आपला कॉलेजांतील स्नेही जॉन ग्रेव्ह्ज यास पत्र लिहिलें. ग्रेव्ह्जचा व्यासंग कायद्याचा, नाद गणिताचा. डिसेंबर संपण्यापूर्वीं त्यानें आठ घटकांच्या संख्या तयार करून मित्राला कळविल्या. पुढें जुलै १८४४ मध्यें हॅमिल्टननें दाखवून दिलें कीं, या अष्टकांत साहचर्य टिकत नाहीं. कांहीं त्रिकुटांत कंस हलवितांच उत्तराचें चिन्ह उलटतें.

हा शोध जाहीर करण्याचें हॅमिल्टननें अंगावर घेतलें होतें. पण स्वतःच्याच संख्यांत तो गढून गेला आणि चालढकल होत राहिली. इतक्यांत मार्च १८४५ मध्यें अवघ्या २३ वर्षांच्या केलीनें तींच अष्टकें 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्यें एका निराळ्याच विषयावरील लेखाच्या शेपटीस छापलीं. हॅमिल्टननें मागाहून ग्रेव्ह्जच्या वतीनें साक्ष दिली, तरी 'केलीच्या संख्या' हें नांव रूढ झालें तें झालेंच. एवढ्या थोर माणसाची ही दिरंगाई मला अजून बोचते.

आतां या मोडलेल्या नियमांतून काय निघालें तें पाहूं. कॅल्क्युलसमध्यें गुणाकाराचा एक नियम आहे: एकदां पहिल्या पदावर क्रिया करून दुसरें तसेंच ठेवावें, एकदां दुसऱ्यावर करून पहिलें तसेंच ठेवावें, आणि दोहोंची बेरीज घ्यावी. संख्यांच्या एखाद्या कुळांत बेरजेशीं सुसंगत राहून हा नियम पाळणाऱ्या क्रियेला 'डेरिव्हेशन' म्हणतात. हॅमिल्टनच्या संख्यांत ती मिळविणें सोपें: एक संख्या ठरवावी, तिनें डावीकडून व उजवीकडून गुणावें आणि अंतर घ्यावें. अशा स्वतंत्र क्रिया ३ मिळतात.

अष्टकांत ही युक्ति फसते, कारण तिच्या सिद्धतेंतच कंस हलवावे लागतात. तेथें दोन संख्या घ्याव्या लागतात. प्रथम त्यांच्या दोन क्रमांनीं केलेल्या गुणाकारांतील अंतर काढून, त्या अंतरावर वरील युक्ति चालवावी. मग कंस हलविल्यानें जेवढा फरक पडतो, त्याची तिप्पट वजा करावी. म्हणजे ज्याला दोष म्हणावें, तोच दुरुस्तीच्या कामीं येतो! अशा स्वतंत्र क्रिया भरतात १४.

हा १४ चा आंकडा गणितज्ञांना दुसऱ्या वाटेनें भेटला होता. पूर्वीं शाळेंत शिकविलेल्या विल्हेल्म किलिंग या जर्मन गणितज्ञाला १८८७ सालीं १४ परिमाणांची एक रचना सांपडली. ज्ञात कुळांपैकीं कोणत्याच कुळांत ती बसेना. ती अष्टकांच्याच सममितीची आहे, हें एली कार्तां यानें १९१४ मध्यें सांगितलें. जेकबसननें १९३९ मध्यें तोच संबंध डेरिव्हेशनांच्या भाषेंत अधिक व्यापक भूमीवर मांडला. ग्रेव्ह्ज १८७० सालींच वारला होता. आपल्या अष्टकांच्या पोटांत काय दडलें आहे, याची त्याला वार्ताहि लागली नाहीं.