टॉम विअर

थॉमस 'टॉम' विअर (२९ डिसेंबर, इ.स. १९१४ - ६ जुलै, इ.स. २००६) हे स्कॉटिश गिर्यारोहक, लेखक, छायाचित्रकार आणि दूरचित्रवाणी निवेदक होते. स्कॉटलंडचा भूप्रदेश, वन्यजीवन आणि लोकजीवन यांचा परिचय करून देणाऱ्या 'विअर्स वे' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ते विशेष ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

विअर यांचा जन्म ग्लासगो शहरातील स्प्रिंगबर्न या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कामगार वस्तीत झाला. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात मरण पावले. आईने कष्ट करून मुलांचे संगोपन केले. अभिनेत्री व लेखिका मॉली विअर या त्यांच्या भगिनी होत. दुसऱ्या महायुद्धात विअर यांनी ब्रिटिश तोफखान्यात सेवा केली. युद्धानंतर काही काळ त्यांनी ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे तयार करणाऱ्या संस्थेत सर्वेक्षक म्हणून काम केले.

गिर्यारोहण आणि लेखन

स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स प्रदेशातील भटकंतीवर आधारित 'हायलँड डेज' हे त्यांचे पुस्तक इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. १९५० मध्ये डब्ल्यू. एच. मरे यांच्या नेतृत्वाखालील स्कॉटिश हिमालय मोहिमेत डग्लस स्कॉट आणि टॉम मॅकिनन यांच्यासह ते सहभागी झाले. ही चार जणांची लहान मोहीम भारतातील गढवाल व कुमाऊँ भागात (सध्याचे उत्तराखंड राज्य) झाली. नेपाळची सीमा परदेशी गिर्यारोहकांसाठी खुली झाल्यानंतर इ.स. १९५२ मध्ये त्यांनी तेथील रोलवालिंग परिसरात भ्रमंती केली. 'ईस्ट ऑफ काठमांडू' या पुस्तकात या प्रवासाचे वर्णन आहे. 'द स्कॉट्स मॅगझीन' या मासिकात त्यांनी 'माय मंथ' हे सदर अनेक दशके लिहिले.

विअर्स वे

'विअर्स वे' ही मालिका इ.स. १९७६ पासून स्कॉटिश टेलिव्हिजन या वाहिनीवर प्रसारित झाली. लोकरीची गोंडेदार टोपी आणि विणलेला स्वेटर हा विअर यांचा वेश प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला. ते दऱ्याखोऱ्यांतून व सरोवरांच्या काठाने पायी हिंडत, स्थानिक रहिवाशांशी गप्पा मारत आणि त्या परिसराचा इतिहास, पक्षी व व्यवसाय यांविषयी माहिती देत. डोंगर ही केवळ सधन पर्यटकांची किंवा शिकारीच्या जहागिरींची मालमत्ता नसून शहरातील कष्टकऱ्यांनाही तेथील आनंद घेता येतो, हे त्यांच्या स्वतःच्या जीवनक्रमातून दिसत असे. जुन्या व्यवसायांतील माणसांच्या आठवणी चित्रित झाल्यामुळे मालिकेला दस्तऐवजाचे मूल्यही लाभले. १९९० च्या दशकात रात्री उशिरा झालेल्या पुनःप्रसारणामुळे ती नव्या पिढीतही लोकप्रिय झाली.

निसर्गसंरक्षण

विअर यांनी लॉक लोमंड सरोवराच्या दक्षिणेकडील गार्टोकार्न या गावी दीर्घकाळ वास्तव्य केले. गावाजवळची डनक्राइन ही सुमारे १४० मीटर उंचीची टेकडी त्यांच्या नित्य भटकंतीची जागा होती. स्कॉटलंडच्या पर्यावरणाच्या रक्षणासाठी ते सातत्याने आग्रही राहिले. लॉक लोमंड व ट्रोसॅक्स परिसर इ.स. २००२ मध्ये स्कॉटलंडमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाला.

सन्मान व स्मारक

इ.स. १९७६ मध्ये त्यांना 'एम.बी.ई.' हा ब्रिटिश सन्मान मिळाला. इ.स. २००० मध्ये जॉन म्युअर ट्रस्टचा पहिला जीवनगौरव पुरस्कार त्यांना देण्यात आला. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २९ डिसेंबर, इ.स. २०१४ रोजी लॉक लोमंडच्या पूर्व काठावरील बालमाहा येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. 'वेस्ट हायलँड वे' हा दीर्घ पल्ल्याचा पायी मार्ग याच गावातून जातो.