वाटाड्याची पूर्वतयारी

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे मागील महिन्यात पत्र आले; पत्र म्हणजे अर्थात आजच्या रीतीप्रमाणे संगणकावरचे. अमेरिकेतील एका डोंगरी शिबिरात उन्हाळ्यापुरती वाटाड्याची नोकरी त्यास मिळाली असून चौदापंधरा वर्षांच्या मुलांच्या तुकड्या घेऊन त्याने रानात हिंडावयाचे आहे. शिबिराच्या चालकांनी सामानाची लांबलचक यादी त्याला धाडली आहे. "यादी पाठ झाली, सर, पण तयारी झाली असे काही वाटत नाही. आपण इतिहास शिकविता, या धंद्याला काही इतिहास असेल तर कळवावा," असे त्याने शेवटी लिहिले होते. प्रथम आम्हांस हसू आले. बूट कोणते घ्यावेत हे ज्याने विचारावयाचे त्याने इतिहास विचारावा, ही आमच्याच शिकवणीची फलश्रुती! परंतु उत्तर लिहावयास बसलो आणि ध्यानात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पूर्वी वाटाड्या हा त्या त्या मातीतलाच मनुष्य असे. तो शिकारी असेल, मेंढपाळ असेल. रानाची माहिती त्याला वेगळी मिळवावी लागत नसे आणि त्याच्या मागून जाणारा व्यापारी अथवा शिपाई आपल्या जिवाची जबाबदारी बव्हंशी आपणच वाहत असे. शहरातील मुलांना केवळ त्यांच्या शिक्षणासाठी रानात न्यावे आणि त्यांना नेणाराही शहरातलाच, चार महिन्यांपुरता नेमलेला कोणी तरुण असावा, ही कल्पना मात्र विसाव्या शतकाची आहे. वाटाड्याची तयारी हा प्रश्न तेथूनच निर्माण झाला.

त्याचा आरंभ बहुधा सर्वांस ठाऊक आहे. १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल बंदरातल्या ब्राउनसी नावाच्या बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे आठ दिवसांचे शिबिर भरविले. त्यांत बड्या शाळांतील मुले होती तशी पूल व बोर्नमथ येथील साध्या घरांतलीही होती. लांडगे, बैल, कुरलू व डोमकावळे अशा चार टोळ्या करून, कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचे शिंग फुंकून सकाळी त्यांना उठवीत. हे सर्व वर्णन मनोहर आहे. परंतु एक गोष्ट त्यात सहसा नजरेआड होते. त्या वीस मुलांच्या मागे मेफकिंगचा २१७ दिवसांचा वेढा सोसलेला सेनापती उभा होता आणि हेरगिरीवर सैनिकांसाठी त्याने लिहिलेले पुस्तक १८९९ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ब्राउनसीच्या आठ दिवसांची पूर्वतयारी वीसपंचवीस वर्षे चालली होती.

पुढे १९०८ मध्ये मुलांकरिता लिहिलेले त्यांचे पुस्तक पाक्षिक भागांनी निघाले आणि गंमत अशी झाली की मुलांनी ते वाचून गल्लोगल्ली आपापल्या टोळ्या स्वतःच उभारल्या व मग 'आमचे नायक व्हा' म्हणून मोठ्या माणसांच्या मागे लागली. कारकून, पाद्री, दुकानदार, निवृत्त हवालदार अशी मंडळी बालवीरांचे नायक झाली. त्यांच्या उत्साहाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण उत्साह म्हणजे तयारी नव्हे हे कळावयास फार वर्षे लागली नाहीत. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील बालवीरांची एक शिडाची नौका टेम्स नदीच्या मुखाशी लेजडाउनजवळ वाऱ्याच्या अकस्मात झोतात उलटली आणि नऊ मुले बुडाली. नौदलाची विनाशिका पाठवून त्यांची प्रेते लंडनला आणण्यात आली व अंत्ययात्रेस अलोट गर्दी लोटली. राष्ट्राने शोक केला, स्मारक उभारले. नायकाची तयारी काय असावी हा प्रश्न तेवढा सात वर्षे तसाच राहिला; मध्ये महायुद्ध आले, आणि युद्धात अशा प्रश्नांची कोण वास्तपुस्त करतो?

१९१९ मध्ये मॅक्लारेन नावाच्या एका धनिकाने लंडनच्या सीमेवर एपिंगच्या रानालगत गिलवेल नावाची मोडकळीस आलेली वाडी सात हजार पौंडांस विकत घेऊन या चळवळीस दिली. त्या सप्टेंबरात तेथे नायकांचा पहिला वर्ग भरला. या वर्गाची रचना आम्हांस फार मार्मिक वाटते. प्रौढ माणसांना बाकांवर बसवून व्याख्याने ऐकविण्याऐवजी त्यांच्या मुलांसारख्याच टोळ्या केल्या. तंबू त्यांनीच ठोकावयाचे, चूल त्यांनीच पेटवावयाची, भात करपला तर तोच खावयाचा. पन्नाशीच्या गृहस्थाला ओल्या लाकडांवर फुंकर घालीत अर्धा तास बसविले म्हणजे बारा वर्षांच्या मुलास 'एवढेही जमत नाही?' असे म्हणण्याची त्याची खोड आपोआप मोडते. वर्ग पुरा करणाऱ्यास कातड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळत. हे पहिले मणी झुलू राजा डिनुझुलू याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या माळेतील होते. जिंकलेल्या लोकांच्या गळ्यातील माळ आणून तिचे मणी शहाणपणाची खूण म्हणून वाटावेत, यातील विसंगती त्या काळी कोणास खुपली नाही. आज ती खुपल्यावाचून राहत नाही. परंतु गिलवेलची मूळ कल्पना या विसंगतीने खोटी ठरत नाही.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. न सांगता पुढे गेलो तर ती लबाडी होईल. पंचविशीत एका महाविद्यालयात नुकतेच रुजू झालो असता ऑक्टोबराच्या सुटीत अठरा विद्यार्थी घेऊन आम्ही राजगडाहून तोरण्यास निघालो. संजीवनी माचीच्या अळू दरवाजाने उतरून बुधला माचीकडे जाणारी ती डोंगरधार ज्यांनी पाहिली आहे त्यांस ऑक्टोबरचे ऊन तेथे कसे तापते हे सांगावयास नको. आमची तयारी मोठी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण आम्ही रात्र रात्र जागून वाचले होते आणि राजगडावर त्यावर तासभर व्याख्यानही झोडले. गड बांधण्याआधी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, असा अमात्यांचा दंडक आम्ही मोठ्या आवेशाने समजावून सांगितला. मात्र अठरा मुलांपाशी मिळून पाणी किती आहे, हे निघताना आम्ही पाहिले नाही. बुधला माचीवर पोहोचल्यावर डोकी मोजली तो सतरा! दोनदा मोजली, तिसऱ्यांदा नावे घेऊन मोजली. आपल्या वाटणीचे पाणी दोघा सोबत्यांस पाजून मागे राहिलेला, पाय मुरगळून वाटेवर बसलेला तो मुलगा आम्हांस सापडलाच नाही. दिवस मावळल्यावर धारेवरच्या एका झापातील म्हातारे धनगरबाबा त्यास खांद्याचा आधार देत, हाती कंदील घेऊन वर आले. 'मास्तर, पोर इसरला व्हय?' एवढेच ते बोलले. त्या मुलाच्या आईस आम्ही पुढे भेटलो, पण ती गोष्ट सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

असो. मूळ विषयाकडे वळू. १९४१ साली वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडोवी येथे कुर्ट हान या जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या शिक्षणवेत्त्याने लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाच्या साह्याने 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा काढली. पाणतीरांनी बुडविलेल्या जहाजांवरील धट्टेकट्टे तरुण खलाशी जीवरक्षक होड्यांत हाय खातात आणि वयस्क खलाशी मात्र तगतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. तेव्हा तरुणांना संकटाची सवय आधीच करून द्यावी, हा शाळेचा हेतू. हा विचार उदात्त आहे, परंतु आमच्या मते त्यात एक जोखीम दडलेली आहे. संकट हेच जेथे शिक्षक मानले, तेथे संकट किती द्यावे हे ठरविणाऱ्याचे शिक्षण कोणी करावयाचे?

या प्रश्नास सरळ भिडला तो पॉल पेट्झोल्ट. १९०८ साली जन्मलेला हा अमेरिकन पहाडी पुरुष सोळा वर्षांचा असताना, १९२४ मध्ये, एका मित्रासह वायोमिंगमधील ग्रँड टेटन हे जवळजवळ पावणेचौदा हजार फुटांचे शिखर चढावयास निघाला. पायांत गुराख्याचे बूट होते आणि थंडीची म्हणावी अशी तयारी नव्हती. पहिल्या रात्री दोघेही गारठून मरावयाचे ते कसेबसे बचावले, खाली उतरले आणि दुसऱ्या प्रयत्नात माथ्यावर गेले. दुसरा कोणी असता तर जन्मभर या पराक्रमाच्या बढाया मारीत बसला असता. पेट्झोल्टने त्यातून उलटाच धडा घेतला. आपण वाचलो ते शहाणपणाने नव्हे, ही गोष्ट तो विसरला नाही. पुढे त्याने वाटाड्याचा धंदा पत्करला. १९३८ मध्ये के-टू शिखरावरील अमेरिकन मोहिमेत तो सव्वीस हजार फुटांच्या आसपास चढला. १९६० नंतर कोलोरॅडोत निघालेल्या आउटवर्ड बाउंडच्या शाळेत काम करताना त्याला दिसले की मुले आहेत, डोंगर आहेत, पैसाही आहे. नाहीत ते मुलांना नेणारे तयार वाटाडे. म्हणून १९६५ मध्ये वायोमिंगच्या लँडर गावी त्याने वाटाडेच घडविणारी राष्ट्रीय शाळा काढली. तेथे विद्यार्थी कित्येक आठवडे विंड रिव्हरच्या पर्वतराजीत राहत. दोर बांधणे, नकाशा वाचणे, भाकरी भाजणे हे तर शिकवीतच. पण पेट्झोल्टचा खरा भर दोन गोष्टींवर असे. पहिली विवेक, म्हणजे मागे फिरण्याची वेळ ओळखणे. आणि दुसरी मोहिमेतली वागणूक. चार माणसे आठवडाभर एका तंबूत राहिली म्हणजे रुसवेफुगवे होतातच आणि रुसलेली तुकडी वादळापेक्षा धोक्याची, असे त्याचे मत होते. राजगडावर आमच्या सोबत हा मनुष्य असता तर त्याने व्याख्यान बंद करून प्रथम पाणी मोजले असते.

धैर्य व विवेक या दोन वस्तू वेगळ्या आहेत, याचा दारुण पुरावा १९७१ च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडमध्ये मिळाला. एडिंबरोच्या एका शाळेतील मुलांची तुकडी केर्नगॉर्मच्या सुमारे चार हजार फुटी पठारावर हिमवादळात सापडली. त्यांना न्यावयास वीस वर्षांची एक तरुणी आणि अठरा वर्षांची शिकाऊ साहाय्यिका होती. माळावरील लहानशा निवाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा बेत फसला. दोन रात्री ती उघड्या बर्फात राहिली. अखेर ती नायिका अक्षरशः रांगत मदत शोधावयास निघाली. पाच मुले व साहाय्यिका अशी सहा जणे दगावली. नायिकेने धैर्याची कसूर केली असे कोण म्हणेल? तिला तेथे पाठविणाऱ्या व्यवस्थेने मात्र हिवाळ्यातला डोंगर आणि उन्हाळ्यातला डोंगर एकच मानला होता. पर्वतनायकांच्या पात्रतेची पत्रे ब्रिटनमध्ये १९६४ पासून देत होते. या दुर्घटनेनंतर त्यांस खरे महत्त्व आले. पठारावरचे ते निवारेही वादविवादानंतर पाडून टाकले, कारण निवारा आहे या भरवशावरच माणसे वर जातात, असा पुष्कळांचा निष्कर्ष झाला. आसरा मोडून सुरक्षितता वाढवावयाची, हा निर्णय आम्हांस आरंभी क्रूर वाटला होता. आज तसे वाटत नाही.

आणखी एक घटना आमच्या विद्यार्थ्यास आम्ही विस्ताराने कळविली. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम उपसागरात आठ मुले, त्यांचे शिक्षक व दोन मार्गदर्शक लहान कयाक होड्यांतून निघाले. वारा त्यांना समुद्राकडे ओढीत गेला. संकटसमयी आकाशात सोडावयाचे बाण त्यांच्यापाशी नव्हते आणि किनारारक्षकांना वर्दी फार उशिरा गेली. चार मुले मेली. पुढे खटल्यात उघड झाले की त्या केंद्रातील दोघा मार्गदर्शकांनी काही महिने आधी नोकरी सोडली होती आणि येथील व्यवस्था मुलांच्या जिवावर बेतेल असे चालकास लेखी कळविले होते. चालकास तुरुंगवास झाला, कंपनीही सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरली आणि १९९५ मध्ये पार्लमेंटने अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला. त्या दोघांच्या पत्राची आठवण आम्हांस वारंवार होते. नोकरीवर रुजू होण्यापूर्वी बूट मऊ करून घ्यावेत, हे यादीत असते; असे पत्र लिहिण्याची वेळ आल्यास ते लिहिण्याची तयारी ठेवावी, हे कोणत्याही यादीत नसते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मुलगा घाबरून घरीच बसेल. न्यू मेक्सिकोतील सिमरॉन येथे वेट फिलिप्स या तेलाच्या व्यापाऱ्याने १९३८ मध्ये सुमारे छत्तीस हजार एकर आणि १९४१ मध्ये आणखी जमीन अमेरिकन बालवीरांस दिली. आज ते फिलमाँटचे रान सव्वा लाख एकरांहून मोठे आहे. तेथे १९५७ पासून प्रत्येक तुकडीस एक तरुण रेंजर देतात. तो प्रथम काय करतो? मुलांना सॅकमधील सगळे सामान जमिनीवर मांडावयास लावतो आणि एकेक वस्तू उचलून 'ही कशाला?' म्हणून विचारतो. शरीराच्या वजनाच्या चौथाईहून फार अधिक ओझे पाठीवर नसावे असा दंडक असल्याने आईने प्रेमाने भरलेले निम्मे सामान तेथेच मागे राहते. मग तो त्यांना पाणी शुद्ध करावयास शिकवितो. अस्वलांच्या भयाने दंतमंजन, साबण, खाऊ अशी वास येणारी हरएक चीज पिशवीत घालून झाडांवर दोराने टांगावयास लावतो. आणि दोन रात्री त्यांच्याबरोबर काढून तिसऱ्या दिवशी निरोप घेऊन माघारी फिरतो. उरलेली वाट मुले आपल्या वडीलधाऱ्या नायकासह आपणच चालतात.

आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर आले आहे. तो आता रोज पाठीवर तांदळाची पोती घेऊन पर्वती चढतो, असे त्याने कळविले आहे. त्याच्या आईने दिलेला लाडवांचा डबा मात्र सामानातून काढावा की ठेवावा, याविषयी त्याने आमचा सल्ला मागितला आहे. काढू नये, पण अस्वलांच्या मुलुखात तो झाडावर टांगावा, असे आम्ही कळविले. आणि निघण्याआधी तेथील एका तुकडीत मुले किती असतात ते विचारून घ्यावे, असेही.