इंग्रजीतील पाझरवाचक क्रियापदे

द्रव पदार्थ भेगेतून, छिद्रातून किंवा सच्छिद्र पदार्थातून सावकाश बाहेर पडणे वा आत शिरणे या अर्थाची इंग्रजी क्रियापदे. ऊझ, सीप, एक्झ्यूड, पर्कोलेट, लीक आणि ट्रिकल ही त्यांतली नेहमीची. मराठीत त्यांच्या जागी पाझरणे, झिरपणे, स्रवणे, गळणे, ठिबकणे येतात, पण जोड्या एकास एक जुळत नाहीत. मूळ अर्थाने जवळजवळ असलेले हे शब्द लाक्षणिक वापरात एकमेकांपासून बरेच दूर जातात. पाझरणारी गोष्ट हवीशी की नकोशी, आणि ती मुद्दाम पाझरवणारा कोणी आहे का, या दोन प्रश्नांवर हे अंतर ठरते.

‘ऊझ’ला दाट, चिकट द्रव लागतो: जखमेतला पू, खोडावरचा चीक, दाबलेल्या वड्यातून बाहेर येणारे तेल. जुन्या इंग्रजीत ‘वोस’ म्हणजे रस. हे क्रियापद त्यातून आले. चिखल या अर्थाचे ‘ऊझ’ हे नाम मुळात निराळ्याच शब्दाचे. काळाच्या ओघात दोघांचे रूप एक झाले. समुद्रशास्त्रात ते नाम पारिभाषिक आहे. खोल समुद्रतळावरच्या गाळात सूक्ष्मजीवांच्या कवचांचे अवशेष किमान ३० टक्के असले, तर त्याला ऊझ म्हणतात. क्रियापदाच्या लाक्षणिक वापरालाही हा बुळबुळीतपणा चिकटलेला आहे. एखादा विक्रेता गोडवा ‘ऊझ’ करतो असे इंग्रज म्हणतो, तेव्हा ती स्तुती असली तरी तिच्यात संशय असतो. क्रीडावार्ताहर मात्र हल्ली फलंदाजाच्या आत्मविश्वासालाही बेलाशक हेच क्रियापद लावतात.

‘एक्झ्यूड’चे कूळ घामाचे. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘सुदारे’ म्हणजे घाम येणे. इंग्रजी ‘स्वेट’ आणि संस्कृत ‘स्वेद’ हेही त्याच इंडो-युरोपीय धातूचे. आजच्या वापरात घामाचा मागमूस नाही. अधिकार, शांतपणा, आत्मविश्वास या भारदस्त गुणांशी हे क्रियापद जाते. मराठीत अशा ठिकाणी आत्मविश्वास ओसंडून वाहतो, उत्साह उतू जातो. म्हणजे इंग्रजी माणसाला सच्छिद्र मानते, तर मराठी त्याला काठोकाठ भरलेले भांडे समजते. ‘त्याच्यातून आत्मविश्वास पाझरत होता’ हे भाषांतर म्हणूनच कृत्रिम वाटते. मराठी मनाला पाझर फुटतो तो दयेचा.

‘सीप’ला कर्म चालत नाही आणि माणूस त्याचा कर्ता होत नाही. पाणी, वायू, भीती, संशय आपोआप, नकळत सीप होतात. दोष कोणावरच येत नाही. वृत्तपत्रांना हे फार सोयीचे पडते. याच्या उलट ‘इन्फिल्ट्रेट’. त्याच्या मुळाशी गाळण्यासाठी वापरायची फेल्ट, म्हणजे नमदा. पण आजचा अर्थ शत्रूच्या गोटात शिरणे, थोडक्यात घुसखोरी.

‘पर्कोलेट’ लॅटिन ‘कोलारे’ (गाळणे) पासून आले. स्वयंपाकघरातली चाळणीवजा कोलँडर त्याच घराण्यातली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खोदलेल्या पर्कोलेशन टँकना लोक पाझर तलाव म्हणतात, आणि हे भाषांतर अगदी चोख आहे. लाक्षणिक वापरात मात्र कल्पना ‘पर्कोलेट’ होते ती कॉफीच्या पर्कोलेटरसारखी, आतल्या आत खदखदत तयार होते. तिथे झिरपणेपेक्षा मुरणे जवळचे.

‘लीक’चा प्रवास सर्वांत मजेशीर. नळ गळतो तो कोणी ठरवून नाही. पण मंत्री अहवाल ‘लीक’ करतो तेव्हा कर्ता आणि हेतू दोन्ही हजर असतात. १९७१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने डॅनियल एल्सबर्ग यांनी पुरवलेले पेंटागॉन पेपर्स छापायला सुरुवात केली. त्यानंतर निक्सन यांच्या व्हाइट हाउसने गळती बुजवण्यासाठी जे गुप्त पथक नेमले, त्याचे नाव पडले ‘प्लंबर्स’. पुढच्या वर्षीच्या वॉटरगेट घरफोडीत त्यातलेच लोक होते. मराठीत अशी बातमी गळत नाही, फुटते. परीक्षेचा पेपरही फुटतो. गुपिताचे मडके फुटले की सगळेच सांडते, त्यामुळे मराठी क्रियापद अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

‘ट्रिकल’ म्हणजे बारीक धारेने ओघळणे. ‘ट्रिकल डाउन’ हा अर्थशास्त्रातला वाक्प्रचार टवाळीतून रूढ झाला. अमेरिकी विनोदकार विल रॉजर्स यांनी १९३२ मध्ये अध्यक्ष हूव्हर यांच्या धोरणाची खिल्ली उडवली: अभियंता असल्याने पाणी खाली ओघळते हे हूव्हर जाणतात, पैसा वर चढतो हे त्यांना ठाऊक नाही, असा त्यांचा आशय होता. हीच प्रतिमा शिक्षणाच्या संदर्भात भारतात शंभर वर्षे आधी आली होती. वरच्या थराला शिकवावे, ज्ञान आपसूक खाली झिरपेल, या धोरणाला ‘डाउनवर्ड फिल्ट्रेशन’ म्हणत. मेकॉले यांच्या १८३५ च्या टिपणाने त्याला बळ दिले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सामान्यांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारची म्हणून मान्य केली, तरी सरकारी पैसा वरच्याच शाळांकडे वळत राहिला. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या झिरपण्याचा हिशेब मागितला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली.