माफीच्या नोंदीतले दाते

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या देवळाची दिवाबत्ती किंवा दर्ग्याचा उरूस कुणाच्या जिवावर चालला, हे शोधायचं असेल तर दंतकथेआधी महसुलाचं दप्तर उघडावं. राज्यकर्त्यांचं दान इथे फार वेळा रोख रकमेत नव्हतंच. जमिनीचा सारा माफ करणं, हेच दान होतं. सारा सोडला की त्याची नोंद ठेवावीच लागते, आणि त्या नोंदीत दाता सापडतो. दप्तराआधीच्या काळात दानाची नोंद दगडावर होई. अंबाजोगाईला यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख आहेत. शके ११६२ (इ. स. १२४०) च्या लेखावरून कळतं की लढाईत पडलेल्या राम नावाच्या भावाच्या स्मरणार्थ लक्ष्मी या बहिणीनं देऊळ उभारलं. नोंद नसती तर ते देऊळ कुणा तरी राजाच्या खात्यावर गेलं असतं आणि लक्ष्मी कायमची पुसली गेली असती.

निजामाच्या काळात दगडाची जागा मुंतखबानं घेतली. चौकशी होऊन इनाम मान्य झालं की मिळणारा हा उतारा. कुठली जमीन, कुणाच्या नावे, कोणत्या अटीवर, हे त्यात असे. मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी, तर खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात. हा भेद मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण सेवा थांबली तर दानाचा हेतूच उरत नाही, आणि सेवा चालू आहे का, हे विचारण्याचा आधार हा कागदच. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानं धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामं वगळली. म्हणून सातबाऱ्यावर आजही देवस्थान इनाम वर्ग ३ असा शेरा दिसतो. यावर कुणी म्हणेल, खोटा कागद तयार करता येतो. येतो खरा, पण तो पकडायलाही दुसऱ्या दप्तरातली नोंदच लागते. गुप्तदानाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वतःच्या कमाईतलं दान कुणी जरूर झाकून ठेवावं. मात्र ज्या दानावर कर माफ होतो, त्यातला एक वाटा सर्व रयतेचा असतो, आणि तिला हिशेब विचारता आला पाहिजे.

असा हिशेब अमेरिकेत खुला असतो. तिथे खासगी फाउंडेशनचं ९९०-पीएफ विवरणपत्र कुणालाही पाहता येतं. कुणाला किती अनुदान दिलं, त्याची यादीच त्यात असते. मदतीच्या शोधातली संस्था ती यादी वाचून योग्य दार ठोठावू शकते. आपल्याकडे करसवलतीच्या देणग्यांचा तपशील संस्था प्राप्तिकर खात्याला कळवतात, पण तो लोकांसाठी खुला नाही. परदेशी देणग्यांचा तिमाही तपशील जाहीर करण्याचं बंधनही जुलै २०२२ मध्ये निघालं. राहता राहिलं धर्मादाय कार्यालय. तिथे न्यासाचं अनुसूची नऊमधलं उत्पन्न-खर्च पत्रक असतं. त्यात ‘देणग्या’ अशी एक ओळ असते, तिच्यासमोर वर्षाची एकूण रक्कम. अंबाजोगाईच्या लेखात लक्ष्मीचं नाव आहे. या ओळीत नावाला जागा नाही.